एकाच गाळ्यात थिनर आणि फटाके: कोल्हापुरात परवानगी मिळेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मंगळवार पेठेत स्वतःच्या घराखाली गाळा आहे, वर कुटुंब राहतं. तिथं वर्षभर विक्रीसाठी थिनर आणि दिवाळीला फटाके ठेवायचे, तर कुणाची परवानगी लागेल? उद्यमनगर, शिरोलीकडच्या कारखान्यांचे लायसनचे नकाशे आणि फायर एनओसीचे कागद करणं हे माझं रोजचं काम, म्हणून स्पष्ट सांगतो.

फटाके त्या गाळ्यात नकोच. स्फोटके नियम २००८ प्रमाणे फटाक्यांच्या कायम दुकानावर राहती जागा चालत नाही, दुकान जिन्याखाली किंवा जिन्याजवळ चालत नाही, आणि ज्वालाग्राही माल असलेल्या दुसऱ्या जागेपासून किमान १५ मीटर अंतर लागतं. म्हणजे तुमचं थिनरच फटाक्यांच्या आड येतं. दिवाळीपुरतं विकायचं तर तात्पुरता परवाना काढा. त्यातही शेड न पेटणाऱ्या सामानाची, दोन शेडमध्ये ३ मीटर, समोरासमोर तोंडं नाहीत आणि वस्तीच्या इमारतींपासून ५० मीटर लांब. पेठेतल्या बोळात हे कुठून बसणार? म्हणून तर स्टॉल मैदानात लागतात.

थिनर मात्र लोक फारच हलक्यात घेतात. कायदा नाव बघत नाही, फ्लॅश पॉइंट बघतो, म्हणजे द्रवाची वाफ किती तापमानापासून पेट घेऊ शकते ते. २३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर पेट्रोलियम वर्ग अ; टोल्युइन हे द्रावक घातलेलं एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचं) थिनर त्यातच मोडतं. वर्ग अ ला परवान्याशिवाय ३० लिटरची सूट आहे, पण ती विक्रीसाठी नसलेल्या मालाला. तुम्हाला विकायचं आहे, त्यामुळे ती सूट तुमच्या कामाची नाही, आणि एक बॅरलच २०० लिटरचं असतं. एमटीओ टर्पेंटाइन, म्हणजे तैलरंगात घालायचं खनिज टर्पेंटाइन, सहसा त्यावरच्या फ्लॅश पॉइंटच्या वर्ग ब मध्ये येतं, तिथं २५०० लिटरपर्यंत परवाना लागत नाही. दुकानात दोन्ही कॅन शेजारी दिसतात, कायद्यात ते फार लांब आहेत.

खरा धोका बॅरलमधून कॅन भरताना असतो. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीवरून सरपटत जाते आणि पेठेतल्या घरात तिला पहिली भेटते ती जिन्याखालची मीटरपेटी. वरच्या माणसांना उतरायला तोच एक लाकडी जिना. मला या गाळ्याबद्दल सर्वात जास्त काळजी वाटते ती याचीच. परवान्याचा प्रश्न त्यानंतरचा.

आता परवानगीचा क्रम. आधी जागा, मग लायसन. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला (जागा राहती, व्यापारी की औद्योगिक पट्ट्यात आहे ते सांगणारा) आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्या. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, त्या झोनला काय चालतं ते तिथंच विचारा. हद्दीबाहेरच्या गावात जागा बघत असाल तर कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाकडे, एमआयडीसीच्या प्लॉटला एमआयडीसीच्याच कार्यालयात. मग अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला आणि शेवटी साठ्याप्रमाणे जिल्हाधिकारी कार्यालय किंवा पेसो (केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना). पुष्कळजण उलट करतात: शटर, रॅक, वायरिंग सगळं करून बसतात आणि मग झोन आड येतो.

पंचगंगेची पूररेषाही तपासा. २०१९ ला शाहूपुरी, व्यापारी पेठेपर्यंत पाणी होतं. तळमजल्याला पाणी शिरलं की अर्धं भरलेलं बॅरल तरंगतं, आपटतं, आणि सांडलेलं थिनर पाण्यावरून शेजाऱ्याच्या दारात जातं.

माझं मत विचाराल तर पेठेतल्या गाळ्यात रंगाचे सीलबंद डबे आणि थोडं टर्पेंटाइन एवढंच ठेवा, तेही फायरवाल्यांना जागा दाखवून. थिनरसाठी शिरोली किंवा गोकुळ शिरगावला लहान शेड भाड्यानं बघा. करार करण्याआधी मालकाकडून झोन दाखला आणि मंजूर नकाशाची प्रत मागून घ्या. तो देत नसेल तर अनामत भरू नका.