हर्लिंगमधल्या हेन्री शेफ्लिनला आयर्लंडमध्ये एवढं का मानतात?

तुम्ही लिहिलंय की हर्लिंगचे व्हिडिओ बघताना 'किंग हेन्री' हे नाव सारखं समोर येतं, दहा पदकांचा आकडा दिसतो, पण या माणसात एवढं काय होतं ते समजत नाही. मी मूळची मिरजेची, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, आणि २००९ पासून किल्केनीत राहते. शेफ्लिन याच काउंटीचा, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचा. तेव्हा माझं पारडं आधीच एका बाजूला झुकलेलं आहे, हे सांगून सुरुवात करते.

खेळ ठाऊक नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. एका संघात १५ जण. प्रत्येकाच्या हातात, परंपरेने अ‍ॅश झाडाच्या लाकडाची, टोकाला पसरट असलेली काठी, तिला हर्ली म्हणतात. चेंडूला म्हणतात स्लिटर. तो आकाराने जवळजवळ आपल्या क्रिकेटच्या चेंडूएवढा, पण वजन ११० ते १२० ग्रॅम, म्हणजे बराच हलका. गोलचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीवरून चेंडू गेला की एक पॉइंट, दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, आणि एका गोलचे तीन पॉइंट. फलकावर ३-२२ दिसलं तर तीन गोल आणि बावीस पॉइंट, एकूण ३१. काउंटीचे मोठे सामने ७० मिनिटांचे असतात.

आणि या खेळात पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८२ हजार माणसांसमोर रविवारी फायनल खेळलेला माणूस नंतर आपल्या नोकरीवर जातो. शेफ्लिन बँक ऑफ आयर्लंडमध्ये नोकरीला होता. लिलाव नाही, मोठ्या पैशांवर दुसऱ्या संघात जाणं नाही. तो बॅलीहेल या लहानशा गावचा. तिथे आईवडिलांचा पब होता आणि पबमागे एक स्क्वॉश कोर्ट. त्याच्या भिंतीवर चेंडू मारत हा मुलगा वाढला. क्लब कायम एकच, बॅलीहेल शॅमरॉक्स, आणि काउंटीही एकच.

१९९९ मध्ये तो किल्केनीच्या सीनियर संघात आला. प्रशिक्षक म्हणून ब्रायन कोडी यांचंही ते पहिलंच वर्ष. त्या वर्षीची ऑल-आयर्लंड, म्हणजे काउंटी संघांच्या देशभरच्या स्पर्धेची, फायनल किल्केनी कॉर्कविरुद्ध एका पॉइंटने हरली. पुढच्या वर्षी ऑफलीला हरवून शेफ्लिनला विजेत्या संघाचं पहिलं पदक मिळालं. मग २००२, २००३, आणि २००६ ते २००९ सलग चार. ही यादी कुठेही सापडेल. मला सांगायचं आहे ते त्याच्या गुडघ्याबद्दल.

२००७ मध्ये तो कर्णधार होता. आदल्या वर्षी बॅलीहेलने काउंटीचं विजेतेपद मिळवलं होतं आणि किल्केनीत कर्णधार ठरवण्याचा मान विजेत्या क्लबला मिळतो. लिमरिकविरुद्धच्या फायनलमध्ये त्याने सुरुवातीलाच गोल केला, पण मध्यंतराला त्याला थांबावं लागलं. गुडघ्यातलं क्रुशिएट लिगामेंट फाटलं होतं. सामना किल्केनीने जिंकला. त्या उन्हाळ्यात संघाचा गोलकीपर जेम्स मॅकगॅरी याची पत्नी मोटार अपघातात गेली होती. विजेत्यांचा लियाम मॅककार्थी कप उचलायला शेफ्लिन लंगडत वर गेला, तेव्हा त्याने मॅकगॅरीच्या लहान मुलाला सोबत नेलं. किल्केनीत या फायनलचा विषय निघाला की लोक स्कोअर सांगत नाहीत, हे सांगतात.

क्रुशिएट म्हणजे काय, ते माझ्या कामाचं म्हणून जरा सविस्तर सांगते. गुडघ्याच्या आत हे लिगामेंट नडगीचं हाड पुढे घसरू देत नाही आणि पाय रोवून अंग वळवताना सांधा जागेवर धरतं. ते फाटलं तरी मांडीचे स्नायू बळकट असतील तर माणूस सरळ रेषेत पळू शकतो, कधीकधी अगदी जोरात. फसतो तो वळताना, आणि उडी मारून एका पायावर उतरताना. हर्लिंगमध्ये वरून पडणारा चेंडू हाताने पकडायचा, तो उडी मारून, प्रतिस्पर्ध्याच्या काठ्या अंगावर येत असताना, आणि खाली येता येता वळायचं. या गुडघ्याला ज्या हालचाली नकोत, त्या सगळ्या इथे एकदम येतात. म्हणून शस्त्रक्रिया करतात, स्वतःचाच टेंडन घेऊन नवं लिगामेंट बसवतात, आणि मग सहा ते नऊ महिने, कधी त्याहूनही जास्त, आमच्यासारख्यांकडे घाम गाळावा लागतो. शेफ्लिन ते सगळं करून २००८ मध्ये परतला आणि त्या वर्षीही पदक घेऊन गेला.

२००९ ची फायनल मी टीव्हीवर पाहिली. खेळ फारसा समजत नव्हता. शेवटची काही मिनिटं उरली होती, टिपेरारी पुढे होती आणि किल्केनीला पेनल्टी मिळाली. शेफ्लिनने चेंडू उचलून सरळ जाळ्यात मारला. ती पेनल्टी द्यायला हवी होती का, यावर टिपेरारीचे लोक आजही वाद घालतात.

मग २०१०. पाचव्या सलग विजेतेपदाचं वर्ष, जे आजवर कुठल्याच काउंटीला जमलेलं नव्हतं. ऑगस्टमध्ये कॉर्कविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये क्रुशिएट पुन्हा फाटलं. फायनल चार आठवड्यांवर. लिमरिकच्या जेर हार्टमन या नामवंत थेरपिस्टकडे त्याच्यावर रोज तासन्‌तास काम चाललं. लिगामेंट चार आठवड्यांत जुळत नाही, ते हार्टमनना ठाऊक होतं आणि शेफ्लिनलाही. भरवसा होता तो स्नायूंवर. फायनलपूर्वी किल्केनीच्या नोलन पार्क मैदानावर त्याचा सराव बघायला हजारो माणसं जमली, तुकडीभर नर्सेसबरोबर मीही गेले. तो पळाला, थांबला, वळला, आणि अख्खं मैदान टाळ्या वाजवत उभं राहिलं. मी टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण माझी नजर त्याच्या गुडघ्यावरून हलत नव्हती. सरावात माणूस कुठे वळायचं ते स्वतः ठरवतो. सामन्यात ते चेंडू ठरवतो.

५ सप्टेंबरला तो मैदानात उतरला आणि साधारण तेराव्या मिनिटाला बाहेर आला. टिपेरारीच्या लार कॉर्बेटने तीन गोल केले, ४-१७ विरुद्ध १-१८, पाचव्याचं स्वप्न संपलं. त्याला खेळवायला नको होतं, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. पेशाने मीही तेच म्हटलं असतं. पण या गावात राहिल्यावर मला एवढं नक्की कळलं की तो बाकावर बसला असता आणि संघ हरला असता, तर ती रुखरुख त्याला आणि काउंटीला कितीतरी वर्षं पुरली असती. ती तेरा मिनिटं मला त्याच्या कुठल्याही पदकाइतकीच मोलाची वाटतात.

तो पुन्हा शस्त्रक्रियेला गेला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. २०११ मध्ये त्याच टिपेरारीला हरवून आठवं पदक मिळवलं आणि क्रिस्टी रिंग व जॉन डॉयल या जुन्या दिग्गजांच्या बरोबरीला आला.

२०१२ ची गोलवेविरुद्धची पहिली फायनल हा माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा सामना. मध्यंतराला गोलवे पाच पॉइंटने पुढे. दुसऱ्या अर्धात तो मैदानाच्या मध्याकडे सरकला, हवेतले चेंडू हिसकावले, फ्री (फाउलनंतर मिळणारे मोकळे फटके) घेतल्या, आणि संपूर्ण सामन्यात किल्केनीच्या १९ पैकी १२ पॉइंट एकट्याने केले. अगदी शेवटी बरोबरी असताना पेनल्टी मिळाली. सगळ्यांना वाटलं, २००९ सारखा गोल मारणार. त्याने चेंडू शांतपणे दांडीवरून घालवला आणि एक पॉइंट घेतला. नंतर गोलवेच्या जो कॅनिंगने अवघड फ्रीवर बरोबरी साधली, आणि शेफ्लिन कचरला अशी टीका झाली. मला ती पटत नाही. तीन वर्षांपूर्वी संघ मागे होता, गोल हवाच होता. इथे एका पॉइंटने आघाडी मिळत होती आणि गोलच्या रेषेवर तिघे उभे होते. तेवढ्या गदारोळात असा हिशेब सुचणं, हेच त्याचं वेगळेपण. तो कधीच संघातला सर्वांत वेगवान खेळाडू नव्हता. पुढच्या दोन क्षणांत चेंडू कुठे असेल ते त्याला आधी दिसायचं. तीन आठवड्यांनी फेरसामना किल्केनीने सहज जिंकला. प्रत्यक्ष मैदानात खेळून नऊ पदकं मिळवणारा तो पहिला, आणि त्या वर्षी तिसऱ्यांदा वर्षातला सर्वोत्तम हर्लर ठरला.

त्यानंतरची दोन वर्षं कठीण गेली. २०१३ च्या जुलैमध्ये नोलन पार्कवर टिपेरारीशी बाद फेरीचा सामना होता, हरलेला संघ घरी जाणार. शेफ्लिन दुखापतीमुळे तोवर बाहेरच होता. शेवटच्या मिनिटांत तो बदली म्हणून हेल्मेट चढवत उठला, आणि जो आवाज झाला तो माझ्या छातीत जाणवला. शेजारचे ऐंशीच्या आसपासचे एक आजोबा टोपी काढून उभे होते. त्याच महिन्यात पुढे कॉर्कविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळालं आणि किल्केनी हरली. २०१४ मध्ये तो बहुतेक बदली खेळाडूच होता. टिपेरारीविरुद्धची फायनल बरोबरीत सुटली, फेरसामना जिंकला, आणि दहावं पदक आलं.

१७ मार्च २०१५ ला बॅलीहेलकडून क्लबची ऑल-आयर्लंड फायनल जिंकून, त्यानंतर साधारण आठवडाभराने त्याने काउंटी संघातून निवृत्ती जाहीर केली. चॅम्पियनशिपचे ७१ सामने, २७ गोल, ४८४ पॉइंट. गुणांचा तो विक्रम पुढे मोडला गेला, मोडणाऱ्यांत त्याच्याच क्लबचा टीजे रीड आहे. दहा पदकं मात्र मैदानात खेळून मिळवलेली, आणि वर्षाच्या सर्वोत्तम संघात निवड झाल्याचे ११ ऑल-स्टार पुरस्कार.

एकच सामना बघणार असाल तर २०१२ ची पहिली फायनल बघा, तीही मध्यंतरानंतर. चेंडू दुसरीकडे असतानाही नजर त्याच्यावरच ठेवा, आणि तो चालत चालत कुठे जाऊन उभा राहतो ते बघा.