वाचकांचे प्रश्न : पाच वर्गांना पाच पॅनेल घ्यावेत का?

प्रश्न : आमची शाळा करवीर तालुक्यात आहे. माजी विद्यार्थी ३ लाख रुपये देत आहेत. जूनपर्यंत पाचही वर्गांत डिजिटल पॅनेल (फळ्याऐवजी वापरायचे मोठे टचस्क्रीन) बसवावेत असं कमिटी म्हणते. सुरुवात कशी करावी?
– मुख्याध्यापिका

उत्तर : मॅडम, पाच नको, आधी दोनच घ्या. आणि खरेदीआधी वायरमनला बोलवा. वर्गातल्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या वर आकडा दिसला, तर अर्थिंगचा खड्डा आणि जोडण्या तपासून दुरुस्त करून घ्या. याकडे दुर्लक्ष झालं की टच भलतीकडेच उमटतो, पुढे पॅनेलच्या आतला सर्किट बोर्डही जळतो, आणि दोष मात्र पॅनेलच्या माथी.

६५ इंची पॅनेलला सुमारे २०० वॉट धरा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० एएचची (ॲम्पिअर-तास, म्हणजे बॅटरीच्या साठवणीचं माप) बॅटरी निम्मीच वापरली तर एका पॅनेलला चारेक तास मिळतात. बॅटरी पूर्ण उतरवत राहिलात तर ती लवकर बसते. २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवून इन्व्हर्टर तळमजल्यावर ठेवूच नका.

नेटवर विसंबू नका. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा धडा आदल्या दिवशीच उतरवून ठेवा.

एक चतुर्थांश रक्कम बॅटरी आणि दुरुस्तीसाठी बाजूला काढा. कोणत्या इयत्तेचा कोणता धडा फळ्यावर समजत नाही, ही यादी शिक्षकांकडूनच घ्या. पुढचे पॅनेल त्या यादीवरून ठरवा, वर्गांच्या संख्येवरून नव्हे.