‘भावले’, ‘आवडले’ आणि ‘भिडले’: वाचकाच्या नोंदवहीतील क्रियापदे

नेरूळला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेले वर्षभर त्या वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद वहीत करीत आल्या आहेत. त्यात एक आत्मचरित्र आहे, दोन रहस्यकथा, एक कवितासंग्रह, हिमालयातल्या भटकंतीचे प्रवासवर्णन, कोकणातल्या पाककृतींचे पुस्तक आणि विश्वाच्या उत्पत्तीविषयीचे एक विज्ञानपुस्तकही आहे. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, सोसायटीच्या कार्यक्रमात त्यांना या नोंदी वाचून दाखवायच्या आहेत. त्यासाठी वही पुन्हा वाचताना त्यांच्या लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक नोंद ‘पुस्तक खूप भावले’ या वाक्याने संपते. त्यांच्या सुनेने वही चाळून म्हटले, ‘आई, भावले हा हिंदी शब्द आहे ना? तुम्ही सरळ आवडले लिहा की.’ तेव्हा ‘भावणे’ मराठी आहे का, ‘आवडणे’ आणि ‘भावणे’ यांत काही फरक आहे का, आणि या वहीला ‘मला भावलेली पुस्तके’ हे नाव चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या भागाचे उत्तर निःसंदिग्धपणे देता येते. ‘भावणे’ मराठीच आहे. ‘मन को भाया’ असे हिंदीत म्हणतात म्हणून सूनबाईंना शंका आली असणार. परंतु करणे, पडणे, चालणे ही क्रियापदेही थोड्याफार फरकाने हिंदीत आहेत, आणि ती उसनी आणली आहेत असे आपण म्हणत नाही. एकाच कुळातल्या भाषांमध्ये असे साम्य असायचेच. ‘भाव’ या शब्दाचा गोतावळा मराठीत फार जुना आहे. जुन्या मराठीत ‘भाविणे’ म्हणजे मानणे, मनात तसे धरणे. ‘भाविक’ आणि ‘भोळाभाबडा भाव’ तर आपल्या रोजच्या बोलण्यातले आहेत.

दुसऱ्या भागासाठी एकनाथांच्या अभंगातली एक ओळ मला फार उपयोगाची वाटते: ‘आवडीने भावे हरिनाम घेसी’. आपले दोन्ही शब्द येथे शेजारी शेजारी आले आहेत. मात्र यातले ‘भावे’ हे क्रियापद नाही, ही काळजी घ्यायला हवी. ती ‘भाव’ या नामाची तृतीया आहे, म्हणजे ‘भावाने’. तरीही नाथांना एका शब्दाने काम भागले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आवड म्हणजे ओढ, गोडी. भाव म्हणजे अंतःकरणाची वृत्ती. नाव घेताना गोडी वाटली पाहिजे आणि अंतःकरणही त्यात असले पाहिजे, अशा दोन वेगळ्या अपेक्षा त्या अर्ध्या ओळीत आहेत. आजच्या ‘आवडणे’ आणि ‘भावणे’ यांतही हा फरक बराचसा शिल्लक आहे, असे माझे मत आहे.

तो वापरातून तपासता येतो. ‘मला भाकरी आवडते’ हे सहज वाक्य आहे, तर ‘मला भाकरी भावते’ हे कानाला खटकते. उलट, ‘तिने स्वतः भाजलेली भाकरी आधी पाहुण्याच्या पानात वाढली, ते मला भावले’ हे वाक्य अगदी नीट बसते. भाकरी तीच आहे, पण दुसऱ्या वाक्यात भावली ती वाढणारीची वृत्ती. पुस्तकांचेही असेच आहे. ‘कादंबरी आवडली’ येथे सबंध वस्तू पुरते. ‘भावले’ म्हटले की ऐकणारा ‘त्यातले काय?’ असे विचारू पाहतो, आणि उत्तरादाखल बहुधा एखादा गुण येतो: आत्मचरित्रातला प्रांजळपणा, प्रवासवर्णनातले वाटाड्याविषयीचे ममत्व, कवितेतला संयम. म्हणून ‘आत्मचरित्र खूप भावले’ यापेक्षा ‘आत्मचरित्रातली स्वतःच्या चुका सांगण्याची रीत भावली’ हे वाक्य मला अधिक मराठी वाटते. सबंध पुस्तकाला ‘भावले’ लावणे चूक नाही. तसे वाक्य अपुरे राहते, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणखी एक कसोटी आहे. ‘आवडणे’पासून ‘आवड’ मिळते, ‘रुचणे’च्या जोडीला ‘रुची’ आहे. ‘भावणे’ला पसंतीच्या अर्थाचे नाम नाही, कारण ‘मला कवितेचा भाव आहे’ असे कोणी म्हणत नाही. आवड ही टिकणारी, सवयीची गोष्ट असल्याने ‘मला रहस्यकथा आवडतात’ हे वाक्य आयुष्यभराविषयी बोलते. ‘भावले’ बहुतेक वेळा एका प्रसंगाविषयी, एका वाचनाविषयी बोलते, आणि त्यामुळेच ते बरेचदा भूतकाळात आढळते.

आवडणे, भावणे, रुचणे, पटणे या सगळ्या क्रियापदांची वाक्यरचना सारखीच आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. ‘मी पुस्तक वाचले’ यात मी कर्ता आहे. ‘मला पुस्तक आवडले’ यात क्रियापद पुस्तकाप्रमाणे चालते (पुस्तक आवडले, कथा आवडली, लेख आवडले) आणि वाचक ‘मला’ म्हणून बाजूला उभा असतो. ही मांडणी संस्कृतापासूनची आहे. पाणिनीने ‘रुच्यर्थानां प्रीयमाणः’ असे स्वतंत्र सूत्रच केले आहे: रुचणे या अर्थाच्या धातूंच्या संदर्भात ज्याला आनंद होतो त्याला संप्रदान म्हणावे, म्हणजे त्याची चतुर्थी होते. त्याचे परंपरेने दिले जाणारे उदाहरण ‘देवदत्ताय रोचते मोदकः’ असे आहे. ‘देवदत्ताला मोदक रुचतो’ हे आपले आजचे वाक्य त्याच घडणीचे आहे. ‘मी हे पुस्तक खूप एन्जॉय केले’ असे लिहिले की ही घडी मोडते, आणि पुस्तकाने काही केले असण्याऐवजी सगळे आपणच केले असा अर्थ होतो. ते मला मनापासून खटकते.

‘रुचणे’ हे क्रियापद नोंदवहीत परत यावे असे मला वाटते, विशेषतः नकारासाठी. ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गात इंदुमतीच्या स्वयंवराचा प्रसंग आहे. ती अंगदेशाच्या राजाला ओलांडून पुढे जाते, तेव्हा कालिदास म्हणतो की तो हवासा वाटण्याजोगा नव्हता असे नाही आणि तिला पारख नव्हती असेही नाही. ‘भिन्नरुचिर्हि लोकः’, लोकांची रुची निरनिराळी असते. विश्वाच्या उत्पत्तीवरच्या पुस्तकासमोर या वाचक भगिनींनी ‘भावले’ लिहून त्यावर काट मारली आहे आणि पुढे काहीच लिहिलेले नाही. तेथे ‘विषय मोठा आहे, मांडणी मला रुचली नाही’ असे लिहिता येईल, कारण त्यात पुस्तकाला दूषण लागत नाही आणि स्वतःलाही कमीपणा येत नाही. अडचण रुचीची नसून आकलनाची असेल, तर ‘झेपले नाही’ हा शब्द अधिक प्रामाणिक ठरेल. आणि प्रकृतीलाच ते सोसले नसेल तर ‘मानवले नाही’ म्हणावे. हवापाण्यासाठी आणि औषधासाठी वापरला जाणारा हा शब्द पुस्तकालाही शोभतो.

‘भिडणे’चे व्याकरण मात्र वेगळे आहे आणि तेथे बरीच गफलत होते. ‘मला आवडले’ यातला ‘ला’ अनुभव घेणाऱ्याचा आहे. ‘गगनाला भिडले’, ‘कपाट भिंतीला भिडले’ यांतला ‘ला’ स्पर्शाच्या जागेचा आहे. म्हणून ‘कविता मनाला भिडली’, ‘काळजाला भिडली’ असे जागा सांगून म्हणायची रीत पडली. हल्ली ‘कविता मला भिडली’ असे सर्रास लिहिले जाते. पण दोन पैलवान एकमेकांना भिडतात हा अर्थ जिवंत असताना मी तरी ‘मला’ लिहिणार नाही. ‘भारावणे’विषयीही एक खुलासा करतो. याचा संबंध अनेकजण भाराशी, वजनाशी जोडतात. ‘मंत्राने भारलेला दोरा’ म्हणताना जे ‘भारणे’ आपण वापरतो त्याच्याशी तो जोडला तर शब्दाची ताकद कळते: पुस्तक मिटल्यावरही आपण त्याच्या अमलाखाली असतो. पाककृतींच्या पुस्तकाने कोणी भारावून गेल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

‘पटणे’ हे बुद्धीचे क्रियापद आहे. ओळख पटते, हिशेब पटतो, म्हणणे पटते. आवडलेले पुस्तक पटलेच पाहिजे असे नाही, आणि हे सांगण्याची सोय आपल्या भाषेत आहे याचा उपयोग करावा. ठाण्यातल्या एका वाचनालयातून आणलेल्या जुन्या कादंबरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तीन निरनिराळ्या हातांनी पेन्सिलीने लिहिलेले मला आढळले होते. पहिल्याने ‘छान’ लिहिले होते, दुसऱ्याने ‘फारच छान’. तिसऱ्याचे अक्षर बारीक आणि किरटे होते: ‘आवडली. पण सुमतीचे परत जाणे पटत नाही.’ वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये हे खरेच; तरी त्या तिघांपैकी कोणाशी बोलावेसे वाटले, तर त्या तिसऱ्याशी.

सूनबाईंच्या ‘आवडले लिहा की’ या सूचनेलाही न्याय द्यायला हवा. ‘आवडले’ हा साधा शब्द असला तरी सामान्य शब्द नाही. तुकोबांनी विठ्ठलाच्या रूपासाठी ‘आवडे निरंतर’ म्हटले आहे. आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, त्यामुळे ऐरोलीचे माझे एक सहकारी पुस्तक परत करताना ‘मना जाम आवरला’ असे म्हणत. प्रमाण मराठीत ‘आवरला’ म्हणजे रोखला. पण त्यांच्या तोंडी तो ‘आवडला’ असे, आणि त्या ‘जाम’वर पडणारा जोर कोणत्याही ‘भावले’हून जास्त सांगून जाई.

त्यामुळे वहीतली दुरुस्ती मी अशी सुचवीन. आत्मचरित्राच्या आणि प्रवासवर्णनाच्या नोंदीत ‘भावले’ ठेवावे, मात्र काय भावले ते अर्ध्या वाक्यात जोडावे. कवितांपुढे, खरोखर तसे झाले असेल तर, ‘मनाला भिडल्या’ लिहावे. पहिल्या रहस्यकथेने ‘खिळवून ठेवले’ हे योग्यच आहे, आणि दुसरीचा शेवट ‘पटला नाही’ असे त्यांनी पत्रातच म्हटले आहे, तेच वहीत यावे. पाककृतींच्या पुस्तकाविषयी त्या लिहितात की त्यातल्या प्रमाणाने अळूवडी दोनदा केली आणि दोन्ही वेळा साधली. तेवढेच वाक्य ठेवून ‘खूप भावले’ काढून टाकावे. आणि वहीत न पटलेली, न रुचलेली, अर्धवट सोडलेली पुस्तकेही असल्याने ‘मला भावलेली पुस्तके’ हे नाव तिला लागू पडत नाही. ‘वाचननोंदी’ म्हणावे, किंवा नुसते ‘वाचलेली पुस्तके’.