फेरीबोटीचे सुटे भाग घरी ओतताना

तुझा कोकणातल्या दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या मॉडेलचा बेत ऐकून फार बरं वाटलं. १:१०० प्रमाण घेतलंस ते उत्तम. कठडा, रॅम्प, केबिन प्लास्टिक शीटमधूनच काप. रेझिन, म्हणजे साच्यात ओतल्यावर कडक होणारं द्रव प्लास्टिक, फक्त पुन्हा पुन्हा लागणाऱ्या भागांसाठी: बाजूला लटकणारे टायर, दोर बांधायचे खुंट, लाईफबॉय. ७५ सेंटिमीटरचा लाईफबॉय इथे साडेसात मिलिमीटरचा होतो. एकच मूळ नमुना जीव ओतून कर, कारण त्यावरचा नखाएवढा ओरखडासुद्धा प्रत्येक प्रतीत उतरतो.

या नमुन्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा करायचा. त्यासाठी नमुना बसवायला गंधक असलेली माती वापरू नकोस. प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन तिला लागलं की चिकटच राहतं, सुकत नाही. सिलिकॉनचा पहिला हात ब्रशने नमुन्यावर फिरव, मग उरलेलं एका कोपऱ्यातून बारीक धारेने सोड.

आणि पुण्याचा पावसाळा! पॉलियुरेथेन रेझिनला दमट हवा अजिबात चालत नाही, ते फसफसतं. जुलैत माझे वीस टायर पावासारखे जाळीदार निघाले होते. तेव्हा ओतकाम दिवाळीनंतर कर, नाहीतर डबा उघडल्यावर लगेच घट्ट बंद कर. साच्यात आधी थोडी टाल्कम पावडर भुरभुरव, जास्तीची झटकून टाक; रेझिन कोपऱ्याकोपऱ्यात पोचतं.

रेझिनचे दोन घटक मिसळायचं प्रमाण अंदाजाने नको, डब्यावर वजनाने लिहिलं असेल तर काट्यावरच मोज. हातमोजे घाल, खिडक्या उघड्या ठेव. निघालेले भाग घासताना पाणी आणि मास्क दोन्ही हवंच, ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये.

पहिले टायर निघाले की घेऊन ये, एकत्र बघू.