खाजन शेत पुन्हा कसं उभं करू?

प्रश्न : ताई, गोव्यात दिवाडी बेटावर आमचं वडिलोपार्जित खाजन शेत आहे, म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. बांध फुटून खारं पाणी आलं आणि दोन वर्षं ते पडीक आहे. संकरित भात लावू की भाजी? – एक वाचक, दिवाडी

उत्तर : बाबा, बियाण्याचं नंतर बघू. आधी मानशीकडे, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराकडे जा. माझं माहेर शेजारच्या चोडण बेटावरचं, माझे वडील ओहोटीला मानशीच्या लाकडी फळ्या हाताने चाचपायचे. भरतीच्या पाण्याने दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. फटीत काटकी अडकली तरी नदी आत शिरते. बांधाची डागडुजी मे संपण्याआधी करा. शेजाऱ्यांना सोबत घ्या, कारण एकट्याचा बांध टिकत नाही. हे मी फार कळकळीने सांगते.

मग पाऊस पडू द्या. पहिल्या सरी मीठ धुऊन नेतात, ते पाणी ओहोटीला मानशीतून सोडून द्यायचं. जिभेवर घेऊन बघा, खारटपणा उतरला की मोड आलेलं कोरगुट, आपलं गावठी भात, पेरा. संकरित बियाणं मीठ सोसणारं नसेल, तर या जमिनीत पैसे घालू नका. कोरगुट उत्पन्न कमी देतं, पण खारेपणा सोसतं, आणि त्याच्या पेजेची चव मला आजही दुसऱ्या तांदळात सापडत नाही.

भाजी जरूर करा, पण घराजवळच्या उंच, गोड्या पाण्याच्या जागेत. भात कापल्यावर तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, अळसांदे (चवळी) लावा. तांबडी भाजी महिनाभरात काढायला येते. जुडी बांधून सकाळच्या फेरीबोटीने नदीपलीकडे विकायला न्या, पण आधी आपल्या वाड्यावरच, शेजारीपाजारी विचारा. ताजी भाजी दारात मिळाली तर कोण नको म्हणेल?