‘इन्फ्लमेशन’ : दाह, सूज की शोथ?

लंडनमध्ये आमवातावर, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसवर, संशोधन करणाऱ्या मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या कार्याविषयी मराठीत लिहिताना ‘इन्फ्लमेशन’साठी दाह, सूज आणि शोथ यांपैकी कोणता शब्द घ्यावा, तसेच ‘सेल सिग्नलिंग’ला, म्हणजे पेशीपर्यंत आणि पेशीच्या आत निरोप पोहोचण्याच्या क्रियेला, काय म्हणावे, असे विचारले आहे. माझा कौल ‘शोथ’ आणि ‘पेशी-संदेशवहन’ या शब्दांना आहे.

‘दाह’ हा शब्द मूळ लॅटिन शब्दाला सर्वांत जवळचा आहे, कारण त्यातही पेटण्याचाच अर्थ आहे. परंतु मराठी माणूस दाह म्हणतो तो उन्हाचा किंवा पोटातला. ‘दाह कमी करणारे औषध’ असे वाचल्यावर त्याला आम्लपित्तावरची गोळी आठवण्याचा संभव अधिक. इ. स. पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने इन्फ्लमेशनची लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशी चार लक्षणे नोंदवली होती, त्यांपैकी दाह आणि सूज ही एकेकच लक्षणे होत. रुग्णाशी बोलताना ‘सांध्याला सूज आहे’ हेच योग्य. तिथे शोथ म्हणणे हा निव्वळ पांडित्याचा सोस ठरेल.

संशोधनाचा विषय मात्र लक्षण नसून प्रक्रिया असतो. या दोघांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यांतील अस्तराच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि १९८९ मध्ये दाखवून दिले की टीएनएफ हे एकच प्रथिन प्रतिपिंडाने (अँटिबॉडीने) अडवले तर इंटरल्यूकिन-१ या दुसऱ्या शोथकारक प्रथिनाची निर्मितीही घटते. त्याच आधारावर १९९२ मध्ये रुग्णांवर उपचाराची चाचणी सुरू झाली आणि २००३ मध्ये दोघांना वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. (टीएनएफमधला ‘टी’ ट्यूमरचा आहे, त्या नावाचे ‘अर्बुदनाशक घटक’ असे भाषांतर केले, तर आमवाताच्या लेखात कर्करोग कुठून आला, असे वाचक विचारील. संक्षेपच ठेवावा.)

आता ‘सेल सिग्नलिंग’. टीएनएफ पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला, म्हणजे निरोप स्वीकारणाऱ्या प्रथिनाला, चिकटते, तेव्हा ते स्वतः केंद्रकापर्यंत जात नाही. आतल्या प्रथिनांत एकामागून एक बदल घडतात. एनएफ-कॅपा-बी या प्रथिनाला पेशीद्रवात अडकवून ठेवणारा निरोधक नष्ट होतो आणि मोकळे झालेले एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरून शोथकारक जनुके कार्यान्वित करते. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये हा घटक प्रथम ओळखला. निरोप पोहोचतो, पण निरोप्या दर टप्प्यावर बदलतो, असा हा प्रकार असल्यामुळे ‘संदेशवहन’ चपखल बसते. ‘संकेतन’ही लिहिले जाते, पण तोच शब्द सांकेतिक लिपीत मजकूर रूपांतरित करण्यासाठीही वापरात असल्याने जनुकांविषयीच्या लेखात हमखास घोटाळा होतो.

व्युत्पत्तीने पाहिले तर ‘शोथ’ म्हणजेही सूजच, आणि सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा अवस्था वर्णिलेल्या आहेत. तरीही रोजच्या बोलण्यात तो वापरला जात नसल्यामुळे त्याला ठरावीक शास्त्रीय अर्थ देता येतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,००० हून अधिक रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले: इंटरल्यूकिन-१ बीटा अडवल्याने कोलेस्टेरॉल न घटताही पुन्हा झटका येण्याचे प्रमाण कमी झाले. रक्तवाहिनीच्या भिंतीतला हा शोथ रुग्णाला ना सुजेसारखा दिसतो ना जळजळीसारखा जाणवतो, त्यामुळे तिथे उरलेले दोन्ही शब्द अपुरे पडतात. शिवाय शोथकारक, शोथरोधक, संधिशोथ, यकृतशोथ असे सामासिक शब्द त्यापासून सहज बनतात.

पहिल्या उल्लेखात ‘शोथ, म्हणजे दाहयुक्त सूज’ असा खुलासा करावा आणि पुढे एकच शब्द चालवावा. ‘शोफ’ मात्र त्याच्या जागी लिहू नये. संस्कृतात दोन्ही समानार्थी असले, तरी आजच्या वैद्यकीय मराठीत शोफ म्हणजे ऊतकांत पाणी साचून आलेली सूज.