‘नेव्हरमाइंड’नंतर काय ऐकशील?

निर्वाणा बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम ऐकून झालाय ना? मग आता त्याच वर्षीचा, १९९१चा, स्लिंट या बँडचा ‘स्पायडरलँड’ लाव. अमेरिकेतल्या लुइव्हिल शहराची ही पोरं तेव्हा जेमतेम विशीची. गाणी फक्त ६. पहिल्या खेपेला फारसं हाती लागणार नाही, तरी सोडू नकोस. रात्री दिवे मालवून, हेडफोन लावून सलग ऐक. गायक बराच वेळ नुसता पुटपुटतो, गिटार दबकत चालते आणि एकदम अंगावर येते. शेवटच्या ‘गुड मॉर्निंग, कॅप्टन’मध्ये तो जिवाच्या आकांताने ओरडतो, तिथे मला आजही काटा येतो. म्हणून आवाज आधीच वाढवून ठेवू नकोस.

नंतर माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा ‘लव्हलेस’. तो मोठ्यानेच ऐकायचा. शब्द शोधत बसायचं नाही.